पाण्यावरची फळी आणि तिचे पाते

मोटारबोटीमागे दोर धरून पाण्यावरून सरसर घसरत जाणारा माणूस आपण चित्रात किंवा पडद्यावर पाहिला असेल. त्याला पाहताना त्याची गंमत वाटते, त्याच्या धाडसाचे कौतुकही वाटते. परंतु त्याच्या पायाखालच्या फळीची मापे मिलिमीटरच्या अंशांत मोजलेली असतील, असे कोणाच्या मनातही येत नाही. आजचे माझे चार शब्द त्या मापांविषयी आहेत.

या खेळाचा जन्म अगदी साध्या साहित्यातून झाला. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात पेपिन नावाचे सरोवर आहे. तेथे १९२२ च्या उन्हाळ्यात राल्फ सॅम्युएलसन या तरुणाने आधी पिंपाच्या फळ्या, मग बर्फावरच्या स्की बांधून पाहिल्या, आणि त्या बुडाल्या तेव्हा पाइनच्या आठ फुटी फळ्या आणून त्यांची टोके उकळत्या पाण्यात वाकवली. २ जुलै रोजी, म्हणजे एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तो पाण्यावर उभा राहिला. त्या फळीची वर वळलेली टोके हा या खेळातील साहित्याचा पहिला धडा होय.

पुढे दोन फळ्यांच्या जागी एकच फळी आली आणि स्लॅलमची स्पर्धा सुरू झाली. स्लॅलम हा शब्द मूळचा नॉर्वेचा. उतारावरची वाट असा त्याचा अर्थ. पाण्यावर ही वाट २५९ मीटर लांबीची असते. बोट मधून सरळ जाते. तिच्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना, मधल्या रेषेपासून साडेअकरा मीटरांवर, आळीपाळीने एकंदर सहा बोये तरंगत असतात. खेळाडूने प्रत्येक बोयाला बाहेरून वळसा घालावयाचा. पुरुषांसाठी बोटीचा कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर. म्हणजे सारा मामला सोळा सेकंदांचा, आणि एका बोयापासून दुसऱ्यापर्यंत अडीच सेकंदांचा. फेरी साधली की दोर आखूड करतात. प्रथम तो १८.२५ मीटर असतो, मग १६, मग १४.२५, असे करीत तो ११.२५ मीटरांवर येतो. येथे श्रोत्यांनी क्षणभर हिशेब करावा. बोया साडेअकरा मीटरांवर आणि दोर सव्वाअकरा! यापुढे दोर बोयापर्यंत पोचतच नाही. उरलेले अंतर खेळाडूने हात व अंग ताणून भरून काढावयाचे. अमेरिकेच्या नेट स्मिथने २०१३ मध्ये ९.७५ मीटरांच्या दोरावर अडीच बोयांपर्यंत मजल मारली होती.

आता एवढ्या थोड्या वेळात एवढे वळण घ्यावयाचे तर पायाखालची फळी आज्ञाधारक हवी, हे उघड आहे. परंतु आज्ञाधारक म्हणजे कोणाची आज्ञा पाळणारी? मुख्य घोटाळा येथेच होतो.

माझा एक पुतण्या नोकरीनिमित्त फ्लोरिडात राहतो. गोड्या पाण्याच्या तळ्यांनी भरलेला तो प्रदेश म्हणजे या खेळाचे माहेरघरच. मी त्याच्याकडे गेलो असता बोटीत मागे तोंड करून बसण्याचे काम मजकडे आले. स्कीवरच्या माणसावर नजर ठेवणारा एक जण बोटीत असावा, अशी तिकडची पद्धत आहे. चिरंजीवांनी नुकतीच एक उंची फळी घेतली होती: अरुंद, कार्बनच्या धाग्यांची, अजिंक्यवीर वापरतात तसली. आणि जुन्या फळीवर चार बोये सहज घेणारा हा गडी नवीवर दुसऱ्याच बोयापाशी पाण्यात जात होता.

कारण वेगाच्या गणितात आहे. पाणी फळीला वर उचलून धरते ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. ५८ च्या वेगाला फळीला जो आधार मिळतो, त्याच्या सुमारे ६३ टक्केच आधार ४६ च्या वेगाला, त्याच कोनात मिळतो. पुतण्याची बोट ४६ ने चाले आणि फळी ५८ साठी घडलेली. ती निम्मी पाण्यातच रुतून राही. सावकाश जाणाऱ्याने रुंद फळी घ्यावी, शरमू नये. लांबीचेही तसेच. पूर्ण वेगाने जाणाऱ्या ७५ ते ८५ किलो वजनाच्या माणसास साधारण ६७ इंची फळी चालते. वजन अधिक किंवा वेग कमी असल्यास लांब घ्यावी. कारखानदार वजनाचा आणि वेगाचा तक्ता देतात. आपण दोन मापांच्या सीमेवर असाल तर मोठे माप घ्या. दुकानदार दिमाखदार वस्तू पुढे करील. तक्ता वाचताना मात्र आपले आजचे वजन आणि आजचा वेग धरावा. पुढच्या वर्षी काय होऊ ते धरू नये.

फळीचा बाक, तळाची पन्हळ आणि कडांचा उतार कारखान्यातच ठरून येतात. बाक जास्त तर वळण सुलभ पण वेग मंद. बाक कमी तर उलट. यांत आपल्याला हात घालता येत नाही, म्हणून त्यांविषयी अधिक बोलत नाही. आपल्या हाती उरतात बूट आणि पाते.

बुटांविषयी मात्र सावकाश सांगावयास हवे, कारण प्रश्न घोट्याचा आहे. कोणता पाय पुढे ठेवावा याची सोपी कसोटी अशी की, दोन फळ्यांवर जात असताना आळीपाळीने एकेक पाय उचलून पाहावा; ज्या पायावर तोल सहज राहतो तो पुढे. पुढचा बूट शेपटीपासून किती अंतरावर, हे माप ६७ इंची फळीवर २९ ते ३० इंचांच्या आसपास येते. बूट पुढे सरकवला की फळीचे नाक पाण्यात दबते आणि वळण तिखट होते. मागे सरकवला की नाक वर येते आणि फळी मोकळी धावते. एका वेळी एकच भोक सरकवावे. हे झाले सुखाचे. दुःखाची बाब ही की, पडताना एक पाय सुटला आणि दुसरा अडकून राहिला तर सहा फुटांची फळी त्या एका घोट्याला पिळून काढते. पुतण्याचे नेमके हेच झाले. त्याने मागचा बूट सैल आणि पुढचा आवळून बांधला होता; सहा आठवडे त्याला काठीवर काढावे लागले. दोन्ही पाय सुटावेत किंवा दोन्ही राहावेत, एवढा एकच नियम लक्षात ठेवला तरी पुरे. फळीच्या इतर अंगांवर प्रयोग खुशाल करावेत. बुटांची बांधणी मात्र जाणकाराच्या देखरेखीखाली करावी.

आता पाते. फळीच्या शेपटीखाली माशाच्या परासारखे अ‍ॅल्युमिनियमचे पाते उभे बसवलेले असते. त्याची तीन मापे घेतात: लांबी, खोली आणि शेपटीपासूनचे अंतर. लांबी पावणेसात ते सात इंच, खोली सुमारे अडीच आणि अंतर सुमारे पाऊण इंच; पण 'सुमारे' हा शब्द येथे निरुपयोगी ठरतो, कारण फरक इंचाच्या सहस्रांशांत मोजावे लागतात. दहा सहस्रांश म्हणजे पाव मिलिमीटर, पोस्टकार्डाच्या जाडीएवढे. एवढ्याने काय होणार, असे वाटेल. पण तंबोऱ्याच्या तारेखाली जवारीचा दोरा केसभर सरकवला की तार बोलू लागते किंवा मुकी होते, हे आपण ऐकलेले आहे. तसेच हे आहे.

पाते खोल केले की शेपूट पाणी धरून राहते. उथळ केले की ती सैल सुटून वळण झटकन होते, पण वळणाच्या शेवटी घसरण्याची भीती राहते. पात्यावर एक छोटा पंख असतो. तो सुमारे सात ते नऊ अंशांवर बसवतात. त्याचा कोन वाढवला की बोयाजवळ फळीचा वेग आवरतो. पाते पुढेमागे करण्याच्या परिणामांविषयी जाणकारांचेही एकमत होत नाही. शिवाय एक खोच अशी की, एक स्क्रू सैल करून पाते जरा फिरवले तर एक माप बदलल्यासारखे वाटते, पण प्रत्यक्षात तिन्ही हलतात. म्हणून प्रत्येक वेळी तिन्ही पुन्हा मोजावीत. मोजण्याचे कॅलिपर एकच असावे, आणि लांबी कॅलिपरच्या जबड्याने मोजली की त्याच्या टोकांनी, हेही लिहून ठेवावे. दोहोंची उत्तरे वेगळी येतात.

हवामानाचाही हात यात असतो. दहा अंशांचे पाणी तीस अंशांच्या पाण्यापेक्षा दीडपटीहून अधिक चिकट असते. वसंतात उत्तम चाललेली फळी भर उन्हाळ्यात बिघडल्यासारखी वाटते ती यामुळे. बिचाऱ्या फळीत काहीही बिघडलेले नसते. दोराविषयी एवढेच की तो ताणला न जाणारा असावा, आणि मुठीची दांडी आपल्या पंजाला शोभेल इतक्याच जाडीची असावी. जाड दांडीने बोटे लवकर थकतात.

पुतण्याने दुखऱ्या घोट्याच्या आधी पंधरा दिवसांत पात्याची जागा अकरा वेळा बदलली होती आणि एकदाही काही लिहून ठेवले नव्हते. बरा झाल्यावर त्याने एका वृद्ध शिक्षकास बोटीत बसवले. शिक्षकाने दोन फेऱ्या पाहिल्या, पात्याला हातही लावला नाही, आणि म्हणाला, "तू बोयाकडे पाहतोस आणि कंबर मागे सोडतोस. वजन मागच्या पायावर गेले तर कोणतेही पाते काय करणार?" मग कारखान्याने छापलेल्या आकड्यांवर पाते परत आणले. उंची फळी विकून त्याने रुंद फळी घेतली. महिनाभर कशालाही हात लावावयाचा नाही, असा दंडक त्या म्हाताऱ्याने घातला. महिन्यानंतर एका वेळी एकच बदल, तो दहा सहस्रांशांहून मोठा नको, आणि त्यावर निदान सहा फेऱ्या.

परवा त्याने मला त्याच्या वहीच्या पानाचे छायाचित्र पाठवले. तारीख, पाण्याचे तापमान, बोटीचा वेग, दोराची लांबी, पात्याची तीन मापे, आणि शेवटच्या रकान्यात इंग्रजी आकड्यांशेजारी मराठीत लिहिलेले: 'डावे वळण ठीक. उजवीकडे कंबर अजून मागे. पाते हलवले नाही.'