कृष्णाकाठची देवळे (लेखांक ५) : ढोल्या गणपतीची पाठ

वाईला थांबणारा प्रवासी बहुधा पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवर असतो. गणपती आळीत उतरायचे, ढोल्या गणपतीला हात जोडायचे, शेजारच्या काशीविश्वेश्वराचा नंदी पाहायचा आणि पसरणीच्या घाटाला लागायचे, असा त्याचा क्रम ठरलेला. दर्शन होते, पण देऊळ पाहायचे राहून जाते. ढोल्या गणपतीच्या देवळाचा सर्वांत विचारपूर्वक बांधलेला भाग त्याच्या मागच्या बाजूला आहे आणि तिकडे फारसे कोणी फिरकत नाही. गाभाऱ्याची मागची भिंत इतर देवळांसारखी सरळ नाही. ती दोन्ही बाजूंनी निमुळती होत टोकाला मिळते. लोक तिला मत्स्याकृती म्हणतात. नदीचा लोंढा त्या टोकावर येऊन दुभंगावा आणि पाणी दोन्ही अंगांनी निघून जावे, यासाठी ती तशी बांधली आहे. वाईच्या घाटावरची देवळे देवासाठी उभी राहिली हे खरेच, पण ती कशी उभी राहायची हे कृष्णेने ठरवले. म्हणून ती नदीच्या बाजूने पाहिल्याशिवाय कळत नाहीत, असे माझे म्हणणे आहे.

त्यासाठी आधी इथल्या पाण्याचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. कृष्णा महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावते. त्या माथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. वाई तिथून रस्त्याने तीसेक किलोमीटरवर, पण सह्याद्रीच्या आडोशाला असल्याने वाईत त्याच्या कितीतरी कमी पडतो. म्हणजे वाईचा पूर वाईच्या पावसाने येत नाही. गावात रिमझिम असतानाही डोंगरावरचे पाणी उतारावरून वेगाने येऊन घाटावर आदळू शकते. अशा नदीच्या अगदी काठावर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली हे देऊळ बांधले. भिकाजी रास्त्यांची कन्या गोपिकाबाई नानासाहेब पेशव्यांची पत्नी, त्यामुळे घराण्याकडे सत्ता आणि पैसा दोन्ही होते. गाभाऱ्यातली मूर्ती एकाच दगडातली, सुमारे दहा फूट उंच. ती एकदा बसवल्यावर हलवण्याचा प्रश्नच नव्हता. जागा बदलायची नाही आणि पूर थांबवता येत नाही, तेव्हा बदल करायचा तो भिंतीतच, हे बांधणाऱ्यांनी ओळखले होते.

यावर पहिला आक्षेप असा घेता येईल की हा आकार मत्स्यावताराचे किंवा एखाद्या जुन्या वास्तुपरंपरेचे चिन्ह असेल. त्यात पाण्याचे शास्त्र आपण मागाहून शोधतो आहोत. आक्षेप रास्त आहे. गजपृष्ठ म्हणजे मागे अर्धगोल असलेली देवळे आपल्याकडे प्राचीन काळापासून आहेतच. पण अर्धगोल वेगळा आणि टोक वेगळे. नदीतल्या जुन्या दगडी पुलांचे खांब पाहा. ज्या बाजूने पाणी येते त्या बाजूला त्यांना असाच कोन दिलेला असतो, कारण सपाट भिंतीवर पाण्याचा सगळा भार पडतो आणि टोकावर तो विभागला जातो. त्याहून भक्कम पुरावा शेजारीच आहे. काशीविश्वेश्वर १७५७चा, आनंदराव भिकाजी रास्ते यांनी बांधलेला. म्हणजे घराणे तेच, आळी तीच, दगड तोच आणि अंतर पाच वर्षांचे. तो नदीपासून थोडा आत, स्वतःच्या आवारात आहे आणि त्याला असली पाठ नाही. गावातल्या महालक्ष्मीच्या देवळालाही नाही. केवळ धार्मिक संकेत असता तर तो गणपतीच्याच, आणि तोही नेमका प्रवाहाच्या तोंडावरच्या देवळाला का लागू व्हावा? मत्स्याचे पावित्र्य बांधणाऱ्यांच्या मनात नसेलच असे मी म्हणत नाही. एकाच भिंतीत श्रद्धा आणि हिशेब दोन्ही मावतात.

दुसरा आक्षेप भाविकांचा आहे आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. देऊळ हे बांधकाम म्हणून पाहायची जागा नव्हे, तिथे माणूस देवासाठी येतो. मागच्या भिंतीशी त्याला काय करायचे? पण वाईची भक्तीच मुळात नदीला धरून आहे. गावाच्या आळ्या आणि घाट एकमेकांशी जोडलेले आहेत. गणपती आळी, मधली आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, गंगापुरी अशा घाटाघाटांवर हिवाळ्यापासून पुढे एकामागून एक कृष्णाबाईचा उत्सव होतो. परंपरा त्याचा संबंध अफजलखानाच्या स्वारीशी जोडते. जिथे नदीलाच देवी मानून घरोघरचे लोक तिच्या काठावर जमतात, तिथे नदीकडे पाहून देऊळ पाहणे हे भक्तीच्या बाहेरचे कसे होईल? वरच्या अंगाला धोमच्या देवळात कासवाच्या पाठीवर नंदी बसवून भोवती कुंड केले आहे. कुंड भरले की नंदी पाण्यावर असल्यासारखा दिसतो. पाणी हा इथे पूजेचाच भाग आहे.

आता धोम धरण झाले, पूर आवरला, तेव्हा ही चर्चा इतिहासजमा झाली असे कोणी म्हणेल. ते बरोबर नाही. जोराच्या पावसात धरणातून विसर्ग वाढवावा लागतो तेव्हा पायऱ्या आजही बुडतात आणि पाणी देवळाला भिडते. उलट धरणामुळे एक नवा धोका आला आहे, तो निष्काळजीपणाचा. पुराची धास्ती कमी झाली की घाट म्हणजे मोकळी जागा वाटू लागते आणि तिथे गाड्या, टपऱ्या, काँक्रीट येते. चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतीला सिमेंट लावले तर आतला ओलावा बाहेर पडायला वाव राहत नाही आणि क्षार साचून दगडाचे पापुद्रे निघू लागतात. कळसाला रंग कोणता द्यायचा यावर गावोगावी तावातावाने चर्चा होते. पायथ्याच्या दर्जांत काय भरले याची चौकशी कोणी करत नाही. पाण्याशी झुंजण्यासाठी उभी केलेली भिंत पाण्याआधी आपल्याच दुरुस्तीने खराब व्हावी, हे मला फार अन्यायाचे वाटते.

म्हणून वाईला जाल तेव्हा दर्शन झाल्यावर लगेच गाडीकडे वळू नका. पायऱ्या उतरून नदीच्या पात्रालगत जा, देवळाची पाठ समोरून पाहा, मग काशीविश्वेश्वराची मागची भिंत पाहून दोन्ही ताडून बघा. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात, तेव्हा हिवाळ्यात गेलेले बरे. तुमच्या गावात नदीकाठच्या देवळाची दुरुस्ती निघाली असेल, तर पायथ्याला चुना वापरणार की सिमेंट, एवढे आधी विचारा. पुढच्या आठवड्यात मेणवलीला जाऊ. नाना फडणविसांच्या वाड्यामागचा घाट, तिथली दोन देवळे आणि वसईच्या मोहिमेनंतर तिथे आलेली पोर्तुगीज घंटा हा त्या लेखाचा विषय असेल.