जावामधला 'ण': उच्चार गेला, मान राहिला

'ण' हा मूर्धन्य वर्ण. जीभ मागे वळवून टाळूला लावायची की 'ण' उमटतो. मूर्धा म्हणजे डोकं. इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या पारंपरिक लिपीतही हा 'ण' आहे. तिथे त्याचं नाव 'ना मुर्दा'. मुर्दा ऐकून प्रेत आठवलं असेल तर थांबा, हा शब्द संस्कृत 'मूर्धन्'वरून आलाय. जावानीजमध्येही त्याचा अर्थ डोकंच!

हे अक्षर तिथे पोचलं कसं? जावानीज लिपी ब्राह्मीच्या कुळातली. दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीपासून जावात 'कावी' लिपी घडली. इसवी सन 760 चा दिनोयोचा शिलालेख कावीतला आहे. संस्कृत शब्द लिहायचे म्हणून ण, ख, घ, थ, भ ही अक्षरंही सोबत आली.

पण जावानीज भाषेला त्यांची गरज नव्हती. त-ट आणि द-ड यांतला फरक तिथे आहे, पण न-ण असा भेद नाही, आणि ख-घसारखे महाप्राणही नाहीत. 'गुण' तिथे 'गुना' झाला (अर्थ 'उपयोग'), 'वर्ण' झाला 'वार्ना' (म्हणजे रंग). रोजच्या लिखाणाला 20 मूळ अक्षरं पुरू लागली. ह, न, च, र, क अशी त्यांची सुरुवात, म्हणून लिपीला 'हानाचाराका' म्हणतात. त्या 20 मध्ये 'ण' नाही.

मग तो गळून का नाही पडला? कारण त्याला दुसरं काम मिळालं. राजा, आदरणीय व्यक्ती किंवा महत्त्वाचं गाव यांच्या नावात साध्या अक्षराऐवजी 'मुर्दा' अक्षर वापरायची पद्धत पडली. न ऐवजी ण, क ऐवजी ख, स ऐवजी श. इंग्रजी कॅपिटलसारखंच वाटेल, पण वाक्याच्या सुरुवातीशी याचा संबंध नाही, संबंध मानाशी. गंमत म्हणजे या नियमाने पांडवांमधल्या नकुलाचं नाव 'ण'ने सुरू करता येतं. संस्कृतात तिथे साधा 'न' आहे! उच्चार मात्र 'न'च करायचा.

2009 मध्ये जावानीज लिपी युनिकोडमध्ये आली, तेव्हा 'ना मुर्दा'ला जागा मिळाली ती ट-ठ-ड-ढच्या ओळीनंतर, 'त'च्या आधी. म्हणजे आपल्या बाराखडीच्या तक्त्यात 'ण' जिथे बसतो तिथेच.

हे वाचून हसू येत असेल तर आपला 'ष' आठवा. 'षटकार' लिहितो, पण बहुतेक जण 'शटकार'च म्हणतात. अक्षर आणि उच्चार यांचा संसार कायमचा नसतो.

मराठीत 'ण'चा उच्चार अजून जिवंत आहे. 'मन' आणि 'मण' हे दोन वेगळे शब्द आहेत. विदर्भात आणि इतरत्रही अनेक जण 'पानी' म्हणतात, आणि ती त्यांची अस्सल बोली आहे, चूक नव्हे. पण ज्या घरात 'पाणी' म्हणतात, तिथला 'ण' तुमच्यापर्यंत पोचतो तो कानातून. जावाच्या लिपीने 'ण' हजाराहून जास्त वर्षं सांभाळला, तरी त्याचा आवाज तिला सांभाळता आला नाही. आवाज फक्त बोलणाऱ्यांच्या तोंडी टिकतो. तेव्हा पुढच्या वेळी आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलाल, तेव्हा तिचा 'ण' जरा नीट ऐका.