अडीचशे कोटी वर्षांचा कातळ आणि आफ्रिकेचा माथा

हैदराबादहून वारंगळच्या रस्त्याला लागलं की पन्नासेक किलोमीटरवर भोनगीरचा कातळ दिसतो. एकच अखंड दगड, पायथ्यापासून 500 फुटांहून उंच, माथ्यावर चालुक्यांच्या काळातला किल्ला. आपल्या सह्याद्रीचा काळा बसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे त्याचा थर संपत जातो आणि खालचा ग्रॅनाइट उघडा पडतो. भोनगीरचा कातळ त्याच घराण्यातला, वय सुमारे 250 कोटी वर्षं. ही गोष्ट पुढे जिथे जाणार आहे तो आफ्रिकेतला किलिमांजारो हा ज्वालामुखी 25 लाख वर्षांपूर्वी कुठे धुमसू लागला. भोनगीरचा दगड त्याच्यापेक्षा हजारपट जुना आहे.

या दगडावर मालावत पूर्णा कमरेला दोर बांधून चढायला शिकली. नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यातल्या पाकला गावची ही लंबाडा समाजाची मुलगी. आईवडील शेतमजूर, शिक्षण सरकारी समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळेत. या शाळांचे तेव्हाचे सचिव, पोलीस अधिकारी आर. एस. प्रवीणकुमार यांनी मुलांना गिर्यारोहण शिकवायचं ठरवलं आणि प्रशिक्षक शेखर बाबू यांनी ते काम हाती घेतलं. शंभराहून जास्त मुलांना भोनगीरच्या कातळावर उभं केलं गेलं. ग्रॅनाइटचे कण खरखरीत असतात. खोबण नसली तरी बुटाचा तळवा सपाट टेकवून, अंगाचा भार त्यावर टाकून चढता येतं. मात्र भिऊन दगडाला बिलगलं की पाय सुटतो. दार्जिलिंग आणि लडाखच्या चाळण्या पार करून शेवटी दोघं उरली: पूर्णा आणि खम्मम जिल्ह्यातला आनंदकुमार.

25 मे 2014 रोजी दोघं 8,848 मीटरवर, एव्हरेस्टच्या माथ्यावर होती. पूर्णाचं वय 13 वर्षं 11 महिने, एव्हरेस्ट चढलेल्या मुलींमध्ये सर्वांत कमी. नेपाळच्या बाजूने 16 वर्षांखालच्यांना परवानगी मिळत नाही, म्हणून ती तिबेटकडून चढली. त्याच हंगामात, 18 एप्रिलला, नेपाळच्या बाजूला हिमकडा कोसळून 16 कामगार दगावले होते. ती उतरली आणि 2 जूनला तेलंगण राज्य जन्माला आलं. विक्रम राज्यापेक्षा आठ दिवसांनी मोठा! वयाच्या विक्रमाचं कौतुक खूप झालं, पण मला त्याहून थक्क करतं ते अंतर: भोनगीरसारखे जवळजवळ 58 कातळ एकावर एक रचावेत तेव्हा कुठे एव्हरेस्टची उंची भरते, आणि पहिला दोर बांधल्यापासून वर्ष उलटायच्या आत ती तिथे पोचली होती.

पुढे 2022 पर्यंत तिने सातही खंडांची सर्वोच्च शिखरं पूर्ण केली. समुद्रसपाटीपासूनच्या त्यांच्या उंचींची बेरीज 43 किलोमीटरच्या वर जाते. अलास्कातलं डेनाली 63 अंश उत्तरेला, अंटार्क्टिकातलं व्हिन्सन 78 अंश दक्षिणेला. नुसतं उत्तर-दक्षिण अंतर मोजलं तरी साडेपंधरा हजार किलोमीटर.

एव्हरेस्टनंतरचं पहिलं शिखर आफ्रिकेतलं होतं, 2016 साली. किलिमांजारोची उंची 5,895 मीटर, म्हणजे एव्हरेस्टपेक्षा जवळजवळ तीन किलोमीटर कमी, म्हणून लोक त्याला सोपं म्हणतात. मला हे पटत नाही. हा डोंगर कुठल्या रांगेत नाही, सपाट गवताळ मैदानातून तो एकटा जवळपास पाच किलोमीटर वर उठतो. चढाई सुरू होते सुमारे 1,800 मीटरवरच्या दमट रानात, झाडांवर शेवाळ लोंबत असतं. मग झुडपं, मग उजाड दगड-राख, मग बर्फ. दर किलोमीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे पाच-सहा दिवसांत माणूस पंचवीसेक अंशांनी जास्त थंडीत शिरतो. माथ्यावर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्मा, तेव्हा प्रत्येक श्वासात प्राणवायूही निम्माच.

शेवटची रात्र खरी परीक्षा घेते. नेहमीच्या वाटेवर बाराफू तळ 4,673 मीटरवर आहे. मध्यरात्रीच्या सुमारास कपाळावर दिवा लावून निघायचं आणि उजाडेपर्यंत 1,222 मीटर चढायचं. भोनगीरचे आठ कातळ, तेही अर्ध्या प्राणवायूवर. पायाखाली ज्वालामुखीची भुसभुशीत राख: दोन पावलं वर टाकावीत तर एक पाऊल खाली घसरतं. पाण्याच्या नळीतलं पाणी गोठतं. आणि माथा गाठला म्हणजे दिवस संपला असं नाही. त्याच दिवशी 3,100 मीटरवरच्या म्वेका तळापर्यंत, जवळजवळ 2,800 मीटर, उतरायचं असतं. गुडघ्यांची दैना होते ती इथे.

विषुववृत्त किलिमांजारोपासून जेमतेम 340 किलोमीटरवर. 1848 साली योहानेस रेबमान या जर्मन मिशनऱ्याने तिथे बर्फ पाहिलं आणि तसं कळवलं, तेव्हा लंडनच्या भूगोलतज्ज्ञांनी ते साफ नाकारलं. 6 ऑक्टोबर 1889 रोजी हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर माथ्यावर पोचले, तेव्हा त्यांना बर्फात पायऱ्या खोदत जावं लागलं होतं. 1912 साली तिथे सुमारे 12 चौरस किलोमीटर बर्फ होतं. 2011 पर्यंत ते पावणेदोन चौरस किलोमीटरवर आलं, शंभर वर्षांत 85 टक्के साफ. पूर्णा गेली ती त्यानंतर पाच वर्षांनी; त्या दोघांनी जिथे पायऱ्या खोदल्या त्यातला बराचसा भाग तोवर उघडी राख झाला होता. युनेस्कोच्या 2022 च्या अहवालाप्रमाणे 2050 पर्यंत किलिमांजारोवरची उरलीसुरली हिमनदीही नाहीशी होईल. 2000 साली जन्मलेली पूर्णा तेव्हा पन्नास वर्षांची असेल.