विश्लेषण : कंपनी मोठी झाली, संचालक मंडळाचे काय?

‘सत्यम कॉम्प्युटर्स’च्या संचालक मंडळाने १६ डिसेंबर २००८ रोजी प्रवर्तक रामलिंग राजू यांच्या कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्या १.६ अब्ज डॉलरना घेण्यास मंजुरी दिली. गुंतवणूकदार संतापल्याने काही तासांतच निर्णय फिरवावा लागला. तीन आठवड्यांनी राजू यांनी कबुली दिली, की ताळेबंदातील ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. या मंडळात हार्वर्डचे प्राध्यापक होते, ‘आयएसबी’चे अधिष्ठाताही होते. मग चुकले कुठे?

कंपनीच्या वयानुसार मंडळाचे काम कसे बदलते?

कंपनी नवी असताना संचालकांकडून हवा असतो सल्ला, ओळखी आणि भांडवल. त्यामुळे संस्थापक आणि गुंतवणूकदारांचे प्रतिनिधी एवढेच छोटे मंडळ पुरते. कंपनी मोठी झाली, त्यात बाहेरच्यांचा पैसा आला, की मंडळाचे मुख्य काम देखरेखीचे होते. कंपनी वाढते, पण मंडळ जुन्याच सवयीने माना डोलावत राहते, तेव्हा धोका सुरू होतो.

‘बायजूज’मध्ये काय घडले?

२०२२ मध्ये या कंपनीचे मूल्यांकन २२ अब्ज डॉलर होते. मात्र कागदोपत्री ती खासगी मर्यादित कंपनी असल्याने स्वतंत्र संचालक नेमण्याची सक्ती नव्हती. जून २०२३ मध्ये गुंतवणूकदारांचे तीन प्रतिनिधी मंडळातून बाहेर पडले. आर्थिक विवरणपत्रे वेळेत मिळाली नाहीत म्हणून लेखापरीक्षक ‘डेलॉइट’नेही काम सोडले. मंडळात उरले बायजू रवींद्रन, त्यांच्या पत्नी आणि भाऊ. जुलै २०२४ मध्ये कंपनीविरोधात दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली.

नियम काय सांगतात?

कंपनी कायदा २०१३ नुसार सूचिबद्ध कंपनीत किमान एकतृतीयांश संचालक स्वतंत्र हवेत. अध्यक्ष प्रवर्तक असेल किंवा कार्यकारी पदावर असेल, तर ‘सेबी’च्या नियमानुसार हे प्रमाण निम्मे होते. स्वतंत्र संचालकाला सलग पाच-पाच वर्षांच्या दोनच मुदती मिळतात.

स्वतंत्र संचालक वाढले की नफा वाढतो?

तसे सरळ गणित नाही. संजय भगत आणि बर्नार्ड ब्लॅक यांनी मोठ्या अमेरिकी कंपन्यांचा अभ्यास करून २००२ मध्ये निष्कर्ष मांडला : नफा घटलेल्या कंपन्या स्वतंत्र संचालक वाढवतात, पण त्याने कामगिरी सुधारल्याचा पुरावा मिळत नाही. चांगले मंडळ नफ्याची हमी देत नाही. ते चूक वेळीच पकडू शकते, एवढाच त्याचा उपयोग; पण तो लाखमोलाचा आहे. ‘सत्यम’मध्येही सरकारने जुने मंडळ हटवून दीपक पारेख, किरण कर्णिक यांच्यासारख्यांना नेमले आणि एप्रिल २००९ मध्ये ‘टेक महिंद्र’च्या रूपाने खरेदीदार मिळाला. कंपनी वाचली.

छोट्या गुंतवणूकदाराने काय पाहावे?

वार्षिक अहवालात संचालकांची बैठकांतील उपस्थिती दिलेली असते. एकच व्यक्ती किती मंडळांवर आहे, हेही तिथे कळते. लेखापरीक्षण समितीत कोण आहे, ते तपासावे. स्वतंत्र संचालकाने मुदतीपूर्वी राजीनामा दिल्यास सूचिबद्ध कंपनीला त्याची सविस्तर कारणे शेअर बाजाराला कळवावी लागतात. ते पत्र नफ्याच्या आकड्यांइतकेच लक्षपूर्वक वाचावे.