लिनक्सवर लॅपटॉप का तापतो?

धंतोली, नागपूर (प्रतिनिधी) : हौसेने लिनक्स बसविणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते, लॅपटॉप तापतो, पंखा घोंघावतो आणि बॅटरी लवकर संपते. त्यात नागपूरचा उन्हाळा! २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. बहुतेक लॅपटॉप मात्र ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनविलेले असतात.

तरीही सारा दोष उन्हाचा नाही. मार्च २०११ मध्ये आलेल्या लिनक्स कर्नलच्या २.६.३८ या आवृत्तीने अनेक लॅपटॉपचा वीजवापर वाढविला होता. वाय-फाय, ग्राफिक्स आदी भागांना जोडणारी पीसीआय एक्स्प्रेस वाहिनी काम नसताना निद्रिस्त ठेवण्याची सोय असते. बायोसच्या नोंदीत ही सोय नाही असे दिसले, की कर्नल ती बंद करून टाकत असे. प्रत्यक्षात अनेक यंत्रांत बायोसनेच ती आधी सुरू केलेली असे! विंडोज अशा वेळी काय करते हे तपासून मॅथ्यू गॅरेट यांनी केलेली दुरुस्ती २०१२ च्या ३.३ आवृत्तीत आली.

दोन ग्राफिक्स चिप असलेल्या यंत्रांत शक्तिशाली चिप विनाकारण चालू राहणे, हे आणखी एक कारण.

प्रोसेसरला कोण जागे ठेवते, हे इंटेलच्या 'पॉवरटॉप'मध्ये दिसते. 'टीएलपी' बसविल्यास बहुतेकांना वेगळी जुळवाजुळव करावी लागत नाही. पंख्याच्या जाळीत धूळ साचली असेल, तर मात्र कोणतेही सॉफ्टवेअर कामाचे नाही. कूलरच्या दमट झोतात लॅपटॉप ठेवण्याचा नागपुरी उपायही टाळावा. बॅटरी फार तापली की अनेक लॅपटॉप चार्जिंग स्वतःच थांबवितात. तो बिघाड समजू नये.