वाळवंटातल्या ब्यूटी टिप्स भंडाऱ्यात चालतात का? आधी कूलरला विचारा

एप्रिल-मे आला की फोनवर एकाच साच्यातल्या रील्स सुरू होतात. राजस्थानातली किंवा दुबईतली कुणीतरी 'डेझर्ट स्किन केअर' सांगत असते: मुलतानी माती लावा, कोरफड लावा, रात्रभर डोक्याला तेल ठेवा. भंडारा जिल्ह्यात तर वाळवंट नाही. हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा, मधून वैनगंगा वाहते, पवनी तालुक्यात गोसेखुर्दचे धरण आहे. मग या टिप्स आपल्या कामाच्या आहेत का?

वर्षातले काही महिने आहेत. ते कोणते, हे ओळखायला खिडकीत बसवलेली एक वस्तू पुरेशी आहे. दुकानदार तिला 'डेझर्ट कूलर' म्हणतात.

कूलरच्या ताट्यांमधून पाणी झिरपते, कोरडी हवा ते पाणी उडवून नेते आणि त्या उडण्यात उष्णता खर्च होते, म्हणून वारा गार लागतो. हवा जितकी कोरडी, तितका कूलर चांगला चालतो. मुंबईत कूलर फारसा उपयोगी नाही आणि विदर्भात घरोघरी आहे, याचे कारण हेच. नवतपाच्या दिवसांत पारा 44-45 अंशांवर जातो आणि दुपारी हवेतली आर्द्रता 20-25 टक्क्यांपर्यंत खाली येते. ही हवा ताटीतले पाणी जसे ओढते, तसेच तुमच्या त्वचेतलेही ओढते.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो, कागदापेक्षाही पातळ. पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि त्यांच्यामध्ये चुन्यासारखे स्निग्ध पदार्थ भरलेले. या थरात पाण्याचे प्रमाण साधारण 10 टक्क्यांच्या खाली गेले की तो कडक होतो, ताणला की तडकतो. ओठ फुटणे, गालांवर पांढरट पापुद्रे येणे, टाचांना भेगा पडणे हा सगळा त्याचाच प्रकार. म्हणून कोरड्या हवेत करायचे काम एकच आहे: आत असलेले पाणी उडू न देणे. 'त्वचेला पोषण देणे' वगैरे शब्द बाटलीवर छापायला बरे असतात.

हे कळले की अर्ध्या रील्स आपोआप गळतात. मुलतानी माती घ्या. तिचे नाव ज्या मुलतान शहरावरून पडले, ते शहर खरोखरच कोरड्या, तापलेल्या मुलखात आहे, म्हणून ती वाळवंटाचा उपाय वाटते. पण ही माती तेल शोषून घेते. तेलकट चेहऱ्याला आठवड्यातून एकदा चालेल. आधीच ओढल्यासारख्या झालेल्या कातडीवर ती लावून खडखडीत वाळू देणे म्हणजे विटांमधला चुना खरवडणे. कोरफड आणि ग्लिसरीन पाणी धरून ठेवतात, ते चांगलेच. पण बाहेरच्या हवेत ओलावाच नसेल, तर ते त्वचेच्या आतल्या थरातले पाणी वर ओढतात आणि तेही उडून जाते. म्हणून त्यावर तेलाचा किंवा व्हॅसलिनचा पातळ हात हवा. सगळ्यात सोपी आणि फुकट युक्ती वेळेची आहे: अंघोळ झाल्यावर अंग पूर्ण कोरडे व्हायच्या आत, दोन-तीन मिनिटांत तेल लावा.

लिंबू मात्र चेहऱ्यावर चोळू नका. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले की भाजल्यासारखे फोड येऊ शकतात आणि काळे डाग महिनोन् महिने राहतात.

तेल कोणते?

इथे भंडाऱ्याकडे स्वतःचे उत्तर आहे आणि ते रीलमध्ये फारसे दिसत नाही. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये वेचली जातात, हे सगळ्यांना माहीत असते. त्यानंतर फळे येतात. त्यांच्या बियांना कुठे टोळ म्हणतात, कुठे टोरी. त्या फोडून, वाळवून घाण्यावर जे तेल निघते, ते पूर्व विदर्भातल्या जंगलाकाठच्या गावांत दिव्याला, स्वयंपाकाला आणि अंगाला पिढ्यान् पिढ्या वापरले गेले. उन्हाळ्यात ते पातळ असते आणि थंडीत तुपासारखे गोठते. त्यातल्या स्टिअरिक आणि पामिटिक आम्लांमुळे असे होते. हेच आम्ल टाचांवर, कोपरांवर, फुटलेल्या हातांवर घट्ट थर धरते. महागड्या डब्यांमधून येणारे आफ्रिकेतले शिया बटर ज्या झाडाचे, ते मोहाच्याच कुळातले. आपल्याकडे मोह म्हटले की दारूच आठवते, त्याला काय करणार.

पण 'नैसर्गिक आहे म्हणजे सगळ्यांना चालते' असे नाही. मोहाच्या तेलात ओलेइक आम्लही भरपूर असते, ऑलिव्ह तेलात तर त्याहून जास्त. हे आम्ल नाजूक त्वचेच्या वरच्या थराची वीण सैल करते, असे प्रयोगांत दिसले आहे. मोहरीच्या तेलानेही हा थर दुरुस्त व्हायला उशीर लागतो. तेव्हा मोहाचे तेल टाचांना, हातांना जरूर लावा. तान्ह्या बाळाला किंवा इसब असलेल्या त्वचेला मात्र नको, तिथे सूर्यफुलाचे तेल किंवा साधे व्हॅसलिन बरे.

जवसाचीही अशीच गंमत आहे. आपल्याकडे धान कापणीच्या आधी बांधीतल्या ओलीवर लाखोळी आणि जवस फेकतात, तेच जवस आज 'फ्लॅक्ससीड जेल' म्हणून व्हायरल आहे. बिया पाण्यात उकळल्या की जो चिकट द्रव सुटतो, तो केसांवर पातळ पडदा धरतो आणि पिंजारलेले केस बसतात. मात्र दोन-चार दिवसांत तो आंबतो, म्हणून थोडाच करा, फ्रिजमध्ये ठेवा. जवसाचे तेल मात्र केसांना लावू नका. हवा लागली की ते वाळून कडक होते. त्याच गुणामुळे ते रंगात आणि लाकडाच्या पॉलिशमध्ये वापरतात.

केसांचे काय?

केस मृत असतो, त्याला काही 'पाजता' येत नाही. त्याची झीज थांबवता येते. 2003 मध्ये मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना छापली. केसांतून निघून जाणारे प्रथिन फक्त खोबरेलाने कमी झाले, कारण त्याचे रेणू लहान आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरतात. पॅराशूट तेल हीच कंपनी विकते, हे लक्षात असू द्या; तरी निष्कर्षामागचे रसायनशास्त्र पटण्यासारखे आहे. तेल केस धुण्याआधी तास-दोन तास लावले तरी पुरते. डोक्यात कोंडा असेल, तर तेल दिवसेंदिवस ठेवू नका. कोंड्यामागे जी बुरशी असते, ती तेलावरच पोसते.

बोअरचे पाणी जड असेल, तर साबणाने केस धुणे टाळा. जड पाण्यातला कॅल्शियम आणि साबण मिळून राखाडी साका होतो, तो केसांवर बसतो आणि केस काथ्यासारखे लागतात. शिकेकाई-रिठ्याने असा साका बसत नाही. डोळ्यांत गेले की आग होते, एवढे सांभाळा.

खरा धोका

तेंदूपत्ता तोडायला आणि रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या बायकांना ऊन टाळता येत नाही. खोबरेल तेलाने उन्हापासून बचाव होतो, असे सांगणाऱ्या रील्स त्यांच्यासाठी घातक आहेत. ते संरक्षण नगण्य असते. घट्ट विणीचा, गडद रंगाचा दुपट्टा कितीतरी भरवशाचा. पांढरा, विरळ सुती कपडा ओला केला की गार वाटतो, पण त्यातून अतिनील किरणे जास्त आत येतात.

उन्हाने चेहरा काळवंडला म्हणून औषधाच्या दुकानातून 'गोरे करणारी' ट्यूब आणणे, हा त्याहून मोठा धोका. अशा कित्येक ट्यूबांत स्टिरॉइड असते. आठवडाभर चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल पडते, लव वाढते, आणि ट्यूब बंद केली की आग होते. 2018 मध्ये केंद्र सरकारने स्टिरॉइडची अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरीही ती सहज हातात पडतात. मधुमेह असलेल्यांनी टाचेची भेगही घरी ब्लेडने कोरू नये. बधिर पायाला जखम कळत नाही आणि ती चिघळते.

हे सगळे तेल-तूप कधी थांबवायचे? पुन्हा कूलरकडे पाहा. मृग लागला, दोन-चार सरी पडल्या की तोच कूलर गारवा द्यायचा सोडून खोलीत चिकचिक करू लागतो. हवा ओलाव्याने भरली, आता ती पाणी ओढत नाही. त्या दिवसापासून अंगभर तेल बंद. घामाची तोंडे बुजून घामोळ्या येतात. आणि रोवणी सुरू झाली की प्रश्नच उलटा होतो: दिवसभर बांधीतल्या चिखलात पाय, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. तिथे संध्याकाळी पाय धुऊन, बेचके कोरडे पुसून उघडे ठेवावे लागतात. तेलाची बाटली मग थंडी पडेपर्यंत फडताळात राहू द्या. डिसेंबरात मोहाचे तेल गोठेल, तेव्हा ती चुलीजवळ ठेवावी लागेल.