थोडं अंगावरचं, थोडं वरचं

एचआयव्ही असलेल्या आईच्या दुधात हा विषाणू उतरतो, हे १९८५ सालीच कळलं. त्यावरून कुणीही सरळ हिशेब मांडला असता: बाळाला अंगावर जितकं कमी पाजाल, तितका धोका कमी. हा हिशेब फसला!

१९९९ साली दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये ॲना कुत्सुडिस, हूसेन कुवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन महिन्यांच्या बाळांचे आकडे मांडले. निव्वळ अंगावर पिणाऱ्यांत लागण १४.६ टक्के, अंगावर कधीच न प्यायलेल्यांत १८.८. (गर्भात आणि बाळंतपणात झालेली लागणही यात आली.) अंगावरचं आणि वरचं असं दोन्ही मिळणाऱ्यांत मात्र २४.१ टक्के. आईचं दूध वाटून घ्यायला वरचं आलं, आणि लागण वाढली.

हे कसं? तान्ह्या बाळाच्या आतड्याचं अस्तर अजून कच्चं असतं, आणि आईचं दूध ते सांभाळत, घट्ट करत असतं. त्यात चमचाभर पाणी किंवा मक्याची पातळ पेज गेली की सोबत जंतू जातात, परकी प्रथिनं जातात. अस्तर सुजतं आणि विषाणूला आत शिरायला फट मिळते, असं संशोधक मानतात. दुसरी बाजू आईकडची. पेजेनं पोट भरलेलं बाळ दूध कमी ओढतं. दूध तुंबलं की स्तनात दाह होतो, ठणका न लागताही, आणि त्या दुधात विषाणू वाढतो. क्वाझुलू-नाताळमधल्या २००७ सालच्या अभ्यासात अंगावरच्या दुधासोबत घट्ट अन्न मिळालेल्या बाळांचा धोका सुमारे अकरापट निघाला. आपल्याकडची हौसेची घुटी आणि मधाचं बोट याच वाटेनं जातात.

मग पावडरचं दूधच का नको? बोट्स्वानात सरकार ते फुकट देत होतं. २००६ च्या अतिवृष्टीत पाणी दूषित झालं आणि पावडरवर वाढणारी कितीतरी बाळं जुलाबांनी दगावली. बरं, चार महिने पाजून एकदम तोडलं तर? झांबियात लुसाकाला तेही करून पाहिलं. फायदा झाला नाही. उलट अचानक तोडताना दुधातला विषाणू वाढतो.

आता चित्र पालटलं आहे ते औषधांनी. आई एआरटी, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधं, नियमित घेत असेल, तर वर्षभर पाजूनही दुधातून होणारी लागण एका मोठ्या चाचणीत ०.६ टक्क्यांवर आली. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते: पहिले सहा महिने निव्वळ अंगावर, मग उष्टावण, आणि पाजणं किमान वर्षभर, हवं तर दोन वर्षं किंवा पुढेही. तोडायचं ते महिनाभरात, हळूहळू. पहिल्या सहा महिन्यांत चुकून वरचं दिलं गेलं, तरी गोळ्या चालू असलेल्या आईनं घाबरून पाजणं थांबवू नये.

गोळी मात्र एकही चुकवू नका. आणि पाजणं थांबल्यावर बाळाची शेवटची तपासणी राहू देऊ नका: बाळ अठरा महिन्यांचं झाल्यावर, किंवा दूध तोडल्यानंतर तीन महिन्यांनी, यातलं जे नंतर येईल तेव्हा.